डबके एक, आवाज दोन, निवाडा बेडकीचा

बडोद्याच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: टिंबी तलावाच्या वाटेवर पहिल्या पावसात साचलेल्या एकाच डबक्यात छोटे बेडूक दोन तऱ्हांनी ओरडतात. एकाचा आवाज लांब, फणीच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा. दुसऱ्याचा तुटक, टिचक्या वाजवल्यासारखा. हातात घेतले तर दोघे हुबेहूब सारखे. अंगाची सगळी मापे घेतली, फरक सापडला नाही. मार्गदर्शक म्हणतात, मापे सारखी तर जात एक. या दोन जाती असू शकतात का? आणि नुसत्या वागणुकीतल्या फरकाने दोन जाती एकमेकींपासून वेगळ्या राहू शकतात का?

आधी थेट उत्तर देतो. दोन जाती असू शकतात. वागणुकीच्या जोरावर वेगळ्या राहूही शकतात. पण आज तुमच्या हातात जे आहे त्यावरून 'दोन आवाज' एवढेच म्हणता येते, 'दोन जाती' नाही. या दोन विधानांमधले अंतर कापायला मला एकदा दोन हिवाळे लागले होते. ते पुढे येईलच.

शब्दांचा एक घोळ आधी निस्तरतो. मराठी विश्वकोशात 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. वर्तमानपत्रे मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. मी विश्वकोशाच्या बाजूचा. क्रिप्टिक स्पीशीजना मी 'जुळ्या जाती' म्हणतो: दिसायला एक, पण वंश वेगळे.

तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे मला कळते. मीही तसाच शिकलो. फॉर्मॅलिनमधला नमुना, बारीक मापे घ्यायची व्हर्नियरची पट्टी, मापांचा तक्ता. पण मेलेल्या नमुन्याला आवाज नसतो आणि बरणीत वासही राहत नाही. प्राणी जोडीदार निवडतो तो आपल्या व्हर्नियरने नव्हे. बेडकीला रात्रीच्या अंधारात नराच्या मांडीची लांबी दिसत नाही, तिला त्याचा आवाज ऐकू येतो. तिला जो फरक महत्त्वाचा, तो आपल्या तक्त्यात नसेल तर कमतरता तक्त्याची आहे.

आजवा रस्त्याच्या कडेच्या माळावर संध्याकाळी रातवे बसतात. टॉर्चच्या उजेडात दोन वेगळ्या जातींचे रातवे शेजारी ठेवले तर भल्याभल्यांची भंबेरी उडते. सगळेच वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचे. पण साधा भारतीय रातवा ओरडला की प्रश्न मिटतो. फरशीवर गोटी टाकावी आणि तिच्या उड्या लहान होत होत शेवटी ती घरंगळत जावी, तसा तो आवाज. आपल्या बडोद्याचेच बघा. मांडवीच्या गर्दीत सगळे चेहरे सारखे, कपडे सारखे, हातातली शेव-उसळही सारखी. पण मागून कुणी 'अगं ए' म्हटले की दांडिया बाजारातल्या मराठी माणसाची मान आपोआप वळते. गुजराती शेजाऱ्याची वळत नाही. त्याला आवाज ऐकू आला नाही असे नव्हे, तो त्याच्यासाठी नव्हता. (दाखला इथेच सोडा. माणसांच्या बोली शिकलेल्या असतात. बेडकाची साद बहुतांशी जन्मजात असते. शिवाय मांडवीत लग्ने दोन्हीकडे होतात.)

कानाने जाती ओळखायची ही रीत जुनी आहे. इंग्लंडमधल्या गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली, दुर्बीण-बिर्बीण न वापरता, एकसारख्या दिसणाऱ्या हिरवट वटवट्यांच्या तीन जाती आवाजावरून वेगळ्या काढल्या होत्या. त्यांतल्या चिफचाफचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्या कमाटी बागेतही येतात.

आधुनिक उदाहरणांत मला सगळ्यात बोलके वाटते ते पाकोळीचे, म्हणजे छोट्या वटवाघळाचे. ब्रिटनमधली सर्वांत सामान्य पाकोळी, पिपिस्ट्रेल, घराघरांच्या छपरात राहणारी. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास झाला आणि ती एक जात म्हणूनच सगळे मोजत राहिले. १९९० च्या दशकात अल्ट्रासाउंड डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांच्या लक्षात आले की काहींची हाक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरकस असते, काहींची ५५ च्या. मधले फारसे कुणी नाही. दोघींच्या वसाहती वेगळ्या. विणीच्या काळात नर उडता उडता जे 'गाणे' म्हणतो तेही वेगळे. १९९७ मध्ये डीएनए तपासला तेव्हा मायटोकाँड्रियातल्या एका जनुकात ११ टक्क्यांहून अधिक फरक निघाला. म्हणजे फूट ताजी नव्हती. लाखो वर्षे जुनी होती आणि लोकांच्या डोक्यावरून रोज संध्याकाळी उडत होती. गंमत अशी की, दोन जाती आहेत हे कळल्यावर लोकांना अंगावरचे बारीक फरकही दिसू लागले. हे मार्गदर्शकांना जरूर सांगा. 'फरक नाही' आणि 'अजून दिसलेला नाही' या दोन गोष्टी आहेत, आणि कुठे बघायचे ते पुष्कळदा प्राण्याची वागणूकच दाखवते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा मुद्दा तोच आहे. दोन जातींमधली भिंत कशाची असते? कधी संकर जन्मालाच येत नाही. कधी जन्मतो पण खेचरासारखा वांझ निघतो. या समागमानंतरच्या अडचणी. पण त्याआधीच, भेटीच्या पायरीवरच गाडी अडू शकते: वेळ वेगळी, जागा वेगळी किंवा हाक वेगळी. यांतल्या हाकेच्या, वासाच्या, नाचाच्या अडथळ्याला वर्तनातून आलेली प्रजनन-विलगता म्हणतात. लोकांना हा अडथळा कच्चा वाटतो. 'आवाजच ना, चुकून जुळेल एखादे दिवशी.' तसे वाटणाऱ्यांनी क्रायसोपर्ला नावाची कीड बघावी.

आपल्याकडचे कपाशीवाले शेतकरी तिला ओळखतात. हिरवी नाजूक अंगाची, जाळीदार पंखांची, दांडीवर अंडी घालणारी. तिच्या अळ्या मावा फस्त करतात, म्हणून प्रयोगशाळेत वाढवून तिची अंडी शेतात सोडतात. जगभर हिला 'क्रायसोपर्ला कार्निया' या एकाच नावाने ओळखत. अमेरिकेतल्या चार्ल्स हेन्री यांनी तिचे प्रणयाराधन नीट ऐकले. ऐकले म्हणजे काय, तर फांदीला कंपनमापक लावला, कारण हा आवाज हवेतून जातच नाही. नर पोट झपाझप वरखाली हलवतो. पोट कुठेही आपटत नाही, पण थरथर पायांतून देठात आणि देठातून पानात जाते. दुसऱ्या पानावरची मादी तशीच थरथर परत पाठवते. आळीपाळीने हे चालते, संगीताच्या बैठकीतल्या सवाल-जवाबासारखे, आणि लय तंतोतंत जुळली तरच पुढची गोष्ट. लय चुकली की मादी गप्प. अशा लयी तपासत गेल्यावर 'कार्निया' नावाखाली जातींचा एक अख्खा गट निघाला.

यातली कळीची गोष्ट अशी की, यांतल्या काही जातींना प्रयोगशाळेत एकत्र कोंडले तर संकर होतो आणि तो निरोगी, प्रजननक्षमही निघतो. रक्ताची अडचण नाहीच. तरीही निसर्गात, एकाच रानात राहून त्या मिसळत नाहीत, कारण पोट हलवण्याची लय वेगळी आहे. तुमच्या 'नुसत्या वागणुकीच्या फरकाने' या शब्दांना माझे उत्तर हे. त्यातला 'नुसत्या' काढून टाका.

आणि हे लांबच्या देशातले कौतुक नव्हे. भारतीय शेतीच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे ज्या किडीला 'कार्निया' छापले, ती कार्निया नव्हेच, हे २०१० मध्ये याच कंपन-गाण्यांच्या आधारे दाखवले गेले. आपली ती क्रायसोपर्ला झास्त्रोवी, आणि तिची सिलेमी ही उपजाती. समजा कुणी युरोपातली 'कार्निया' आणून आपल्या कपाशीत सोडली असती, तर नाव तेच म्हणून ती इथल्या नरांना उत्तर देणार होती थोडीच?

डासांच्या बाबतीत तर या चुकीची किंमत माणसे मोजतात. युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोडे होते: काही गावांत अॅनोफेलिस डास भरपूर, पण मलेरिया नाही. इटलीतल्या फाल्लेरोनी यांनी १९२६ मध्ये अंड्यांवरची नक्षी बघितली आणि एका नावाखाली अनेक डास आहेत हे उघड होऊ लागले. त्यांतले काही माणसांना चावत, काही गुरांना. आपल्या खेड्यांतल्या मलेरियाचा मोठा वाटा ज्याच्यावर येतो तो अॅनोफेलिस क्युलिसिफेसीजही असाच. आज तो पाच जातींचा गट मानतात: ए, बी, सी, डी, ई. बी प्रामुख्याने गुरांवर जगतो आणि मलेरियाचा वाहक म्हणून फार दुबळा, बाकीचे वाहक. सूक्ष्मदर्शकाखाली मादी ठेवली तर पाचही एक.

यांतले ए आणि बी वेगळे कसे काढले, ते तुम्ही मन लावून वाचा, कारण तुमच्या डबक्याला तीच युक्ती लागणार आहे. १९८० मध्ये ग्रीन आणि माइल्स यांनी डासांची गुणसूत्रे तपासली. काही माद्यांत एक्स गुणसूत्राचा एक तुकडा सरळ, काहींत उलटा बसलेला. मादीला एक्स दोन असतात. हे सगळे मोकळेपणी एकमेकांत जुगत असते, तर एक सरळ आणि एक उलटा असलेल्या मिश्र माद्या ढिगाने मिळायला हव्या होत्या. त्या मिळाल्याच नाहीत. एकाच गावातले डास, आणि मधले कुणीच नाही. म्हणजे डास स्वतःच आपापली पंगत सांभाळत होते. पुरावा सापडलेल्या गोष्टीचा नव्हता, न सापडलेल्या संकराचा होता.

आता डबक्यापाशी येऊ. तुमचे बेडूक बहुधा ज्यांना पूर्वी सरसकट फेजरव्हर्या म्हणत त्या गटातले असावेत. आता दक्षिण आशियातल्या बहुतेकांना मिनर्वर्या म्हणतात. हा गट जुळ्या जातींसाठी कुप्रसिद्ध आहे, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. तरी आधी स्वतःचाच पुरावा मोडून बघा.

पहिली गोष्ट. एकच नर दोन्ही आवाज काढत नाही ना? हसू नका. नराच्या गळ्यात मादीला बोलावणारी साद असते, शेजारच्या नराला दटावणारा आवाज वेगळा असतो, आणि चुकून दुसऱ्या नराने मिठी मारली तर 'सोड' म्हणणारा तिसराच असतो. एका नरापाशी गोणपाट टाकून, लाल उजेड लावून, अर्धा-पाऊण तास बसा. मग दुसऱ्यापाशी. टिचक्या वाजवणारा शेजारी सरकल्यावर फणी वाजवू लागला, तर तुमचा प्रश्न तिथेच संपला, आणि एक रात्रच वाया गेली, दोन वर्षे नव्हे.

दुसरी गोष्ट तापमान, आणि इथे माझी फजिती सांगतो. मी तेव्हा झाडांवरच्या नाजूक रातकिड्यांच्या मागे होतो. एक रेकॉर्डिंग विश्वामित्री नदीच्या कोतरातले (घळीतले), ऑक्टोबरमधल्या उकाड्याच्या संध्याकाळी. दुसरे पावागडच्या पायथ्याचे, नोव्हेंबर सरताना, अंगावर शाल घेऊन केलेले. टेपवर ऐकले तर दोन आवाजांत जमीन-अस्मानाचा फरक. किडे तंतोतंत सारखे. मी हुरळून एका परिषदेत 'दोन जुळ्या जाती' म्हणून मांडूनही मोकळा झालो. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एका वयस्क बाईंनी एवढेच विचारले, 'तापमान किती होतं?' मी वहीत बघितले. लिहिलेलेच नव्हते. पुढचे दोन हिवाळे मी थर्मामीटर घेऊन त्याच दोन जागी फिरलो, आणि दोन्हीकडचे सगळे ठिपके एकाच तिरप्या रेषेवर येऊन बसले. थंडीत किडा सावकाश वाजतो, उन्हाळ्यात भरभर. अमेरिकेतल्या एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्येच रातकिड्याच्या आवाजावरून तापमान काढायचे सूत्र दिले होते. मी त्याच सूत्रातून नवी जात काढली. बेडकांनाही हेच लागू आहे. प्रत्येक रेकॉर्डिंग संपताक्षणी, नर जिथे बसला होता तिथल्या हवेचे आणि पाण्याचे तापमान लिहा. मोबाइलवरचे बडोद्याचे तापमान चालणार नाही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती म्हणजे दोन्ही आवाज एकाच रात्री एकाच डबक्यात आहेत. म्हणजे तापमान सारखे. माझ्या फजितीतून तुम्ही निम्मे सुटलात.

तिसरी गोष्ट, आवाजातले नक्की काय मोजायचे. मोठ्या अंगाच्या नराचा स्वर खर्जातला असतो, लहानाचा चढा. त्यामुळे नुसत्या स्वराच्या उंचीवर भिस्त ठेवू नका. मिनिटाला किती वेळा ओरडला हे तर नर थकला की बदलते, शेजारी ओरडू लागला की बदलते. त्याऐवजी एका सादेच्या आतले ठोके मोजा: सेकंदाला किती पल्स, प्रत्येक पल्स किती लांब, दोन पल्समधले अंतर किती. हे एकाच नरात फारसे हलत नाही, आणि जात ओळखायला माद्या बहुधा अशाच न हलणाऱ्या गोष्टी वापरतात.

उत्तर अमेरिकेतल्या करड्या वृक्षबेडकांचे काम हा या विषयाचा पाठ्यक्रमच म्हणा ना. हायला क्रायसोसेलिस आणि हायला व्हर्सिकलर. हाताने, डोळ्याने ओळखू येत नाहीत. एकाची गुणसूत्रे २४, दुसऱ्याची ४८. एकाच तापमानाला क्रायसोसेलिसच्या पल्स व्हर्सिकलरच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पडतात. आता पेच बघा: थंड रात्रीचा क्रायसोसेलिस आणि उबदार रात्रीचा व्हर्सिकलर यांचे वेग जवळ येऊ शकतात. मग बेडकी फसत कशी नाही? कार्ल गेऱ्हार्ट यांनी १९७८ मध्ये दाखवले की मादीची आवडही तापमानाबरोबर सरकते. गार मादीला संथ साद आवडते, उबदार मादीला जलद. तिचा कान आणि नराचा गळा एकाच थर्मामीटरवर चालतात. एवढी काटेकोर व्यवस्था का, तर चूक महाग पडते म्हणून: या दोघांचा संकर गुणसूत्रांच्या तीन संचांचा होतो आणि त्याचे पुढे काही होत नाही. मादीचा सबंध हंगाम पाण्यात.

म्हणून, आवाज वेगळे आहेत हे दाखवून थांबू नका. बेडकीला तो फरक लागतो का, हे तिलाच विचारा. त्याची रीत साधी आहे, पण निगुतीने करावी लागते. रात्री मिठीत असलेल्या जोड्या शोधा. मादी जोडीतून अलगद सोडवा. अंड्यांनी भरलेली मादी त्या रात्री निवडीला तयार असते, नुसतीच फिरणारी बहुधा नसते. शांत, अंधाऱ्या जागी मधोमध तिला ठेवा, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन स्पीकर. एकातून फणीचा आवाज, दुसऱ्यातून टिचकीचा, आळीपाळीने, आणि मधोमध मोजल्यावर दोन्हींचा जोर सारखा. आधी दोन्ही स्पीकरवर एकच साद लावून बघा. मादी तरी डावीकडेच जात असेल तर दोष तुमच्या खोलीचा आहे. दर मादीनंतर स्पीकरची अदलाबदल करा. ती कुठल्या नराच्या मिठीत सापडली ते लिहा, पण चाचणी घेणाऱ्याला सांगू नका. एक मादी एकदाच मोजा आणि त्याच रात्री त्याच डबक्यात सोडा. वीस-पंचवीस माद्या मिळाल्या तर भरून पावलात. बेडूक पकडण्याआधी परवानगीचे काय ते विभागातून लेखी घ्या. हे काम शेवटी करायचे नसते.

इथे नवशिके हमखास फसतात ते असे. एका भांड्यात एक नर, एक मादी ठेवतात; मिठी होते; 'बघा, एकच जात' म्हणून मोकळे होतात. अहो, पर्याय नसताना झालेल्या लग्नावरून आवड ठरते का? बेडकाच्या नराचे तर विचारूच नका. पहिल्या पावसाच्या झुंबडीत भेक (टोड) बुटालाही मिठी मारतो. त्यामुळे डबक्यात एखादी भलती जोडी दिसली म्हणून खचून जाऊ नका. बघायचे ते हे की त्या जोडीची पिल्ले मोठी होऊन पुढच्या पावसात ओरडताना दिसतात का. ते डीएनए सांगेल. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला तरी पुरतो. पण नुसते मायटोकाँड्रियाचे १६एस जनुक करू नका. ते आईकडून येते. संकराचा बाप त्यात दिसत नाही. पेशीच्या केंद्रकातली, आई-बाप दोघांकडून येणारी काही जनुके घ्या आणि ग्रीन-माइल्ससारखे मिश्र शोधा. फणीवाले एका बाजूला, टिचकीवाले दुसऱ्या बाजूला, मध्ये रिकामे, आणि स्पीकरपाशी माद्या आपापल्या बाजूला. एवढे झाले की कुठल्याही व्हर्नियरसमोर ताठ मानेने उभे राहा.

'एकाच डबक्यात' हे तुमच्या पत्रातले सोन्यासारखे शब्द आहेत. बडोद्याच्या आणि पुण्याच्या बेडकांचे आवाज वेगळे निघाले असते तर मी एवढा वेळ दिला नसता. अंतराने आवाज बदलतोच. ग्रीनिश वॉर्बलर नावाच्या वटवट्याचे बघा, तोही आपल्याकडे हिवाळी पाहुणा. तिबेटच्या पठाराभोवती त्याची विण्याची जागा कड्यासारखी पसरली आहे आणि गाणे टप्प्याटप्प्याने बदलत जाते. सैबेरियात कड्याची दोन टोके भेटतात तेव्हा तिथले नर एकमेकांच्या गाण्याला दाद देत नाहीत. डॅरेन अर्विन यांनी २००१ मध्ये हे प्लेबॅकने, म्हणजे रेकॉर्ड केलेले गाणे ऐकवून, दाखवले. पुढे जीनोम तपासल्यावर या कड्यात पूर्वी खंड पडले होते असेही दिसले, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या चित्राइतके ते सरळ नाही. मुद्दा एवढाच की मधल्या टप्प्यांवर रेष कुठे ओढायची यावर वाद घालता येतो. एका डबक्यात तो वाद उरत नाही. तिथे माद्यांना दोन्ही नर मिळू शकतात आणि तरीही त्या मिसळत नाहीत, किंवा मिसळतात.

शिवाय जिथे दोन जाती एकत्र राहतात तिथे आवाज मुद्दाम ताणल्यासारखे दूर गेलेले असू शकतात. चुकीच्या जोडीने पिढी वाया जात असेल, तर निवड चोख करणाऱ्या माद्यांचा वंश टिकतो. अमेरिकेतल्या सूडाक्रिस फेरिअरम या चिमुकल्या बेडकात हे दिसले आहे: भाऊबंद जातीबरोबर राहतो तिथे त्याची साद बदललेली, एकटा राहतो तिथे नाही. म्हणून टिंबीबरोबर वढवाण्याला आणि जांबुघोड्यालाही जा. कुठे एकच आवाज ऐकू आला तर तो टिंबीतल्या आवाजासारखाच आहे का, ते बघा.

आता दुसरी बाजू, म्हणजे मार्गदर्शकांची. दर वेळी जास्त जातीच निघतात असे नाही. आंब्यात अळी करणारी फळमाशी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस सगळ्यांच्या ओळखीची. बागांतून मिथाइल युजेनॉलचे सापळे लावतात ते तिच्याच नरांसाठी. तिच्या भाऊबंदांना आशियात आणि आफ्रिकेत निरनिराळी नावे दिली होती. आफ्रिकेतल्या 'इन्व्हेडेन्स'ला तर २००५ मध्ये नवी जात म्हणून नाव मिळाले, आणि फळांच्या व्यापारावर बंधने आली. मग अनेक देशांतल्या लोकांनी या माश्या समागमाला एकत्र सोडल्या, जनुके तपासली, नरांचा गंध तपासला. त्या बिनदिक्कत जुळल्या. २०१५ मध्ये 'पपाये' आणि 'इन्व्हेडेन्स' ही नावे डॉर्सालिसमध्ये विलीन झाली. 'कॅरँबोले' मात्र त्याच कसोट्यांवर वेगळी राहिली. कसोटी तीच, निकाल दोन्हीकडे. तुमचा निकालही मार्गदर्शकांच्या बाजूने लागू शकतो, आणि तसा लागला तरी तो प्रबंध चांगलाच होईल.

वागणुकीची भिंत गळतीही होते, हे लपवणार नाही. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांच्या माद्या नराचा रंग बघून जोडीदार निवडतात. पाणी गढूळ झाले तिथे रंग दिसेना, आणि जाती एकमेकींत विरघळू लागल्या. ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे मांडले. पांढऱ्या माशीच्या बेमिसिया टबॅसी गटात आणखी विचित्र प्रकार. बाहेरून आलेली जात आणि स्थानिक जात यांचा संकर होत नाही, पण नर एकमेकींच्या माद्यांच्या मागे लागतात. पाहुण्या माद्या त्या धांदलीत जास्त वेळा समागम करून जास्त मुली घालतात, कारण या किडीत फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्यातून नर. स्थानिक माद्यांचे जुगणे मात्र विस्कटते. चीन आणि ऑस्ट्रेलियात स्थानिक जाती अशाच मागे हटल्या. भिंत अभेद्य असूनही पलीकडच्या गोंगाटाने एक घर उठले.

डोळ्याने निवडणाऱ्यांचाही दाखला देतो, कारण त्यात मराठी सुख आहे. गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे सरडे पूर्वी बहुतेक सगळे एकाच नावाखाली जात. स्पिरिटमधल्या नमुन्याचा रंग उडतो, पंखा मिटलेला असतो. मग काय दिसणार? २०१६ मध्ये जिवंत प्राणी आणि जनुके दोन्ही बघून त्यांतला निळ्या-काळ्या-नारिंगी पंख्यांचा गट वेगळा काढला आणि त्या प्रजातीला अधिकृत नाव दिले 'सरडा'. लॅटिन बिरुदावलीत आपला अस्सल सरडा जाऊन बसला आहे.

नावाची घाई मात्र तुम्ही करू नका. दोन जाती ठरल्या तरी दोन्ही नव्या नसतात; एकीचे नाव बहुधा शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवून गेलेला असतो, आणि ते फणीवाल्याचे की टिचकीवाल्याचे, हे ठरवायला मूळ नमुना जिथून आला तिथले बेडूक बघावे लागतात. बिळात राहणाऱ्या स्फेरोथेका बेडकांचे असेच झाले. पश्चिम भारतातले बेडूक वर्षानुवर्षे 'ब्रेव्हिसेप्स' म्हणून मोजले गेले; आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्यांतून 'स्फेरोथेका पश्चिमा' वेगळी केली. तोपर्यंत तुमच्या वहीत 'प्रकार फ' आणि 'प्रकार ट' एवढेच लिहा, आणि ज्या नराचा आवाज घेतला त्याच नराचा बोळा, त्याच क्रमांकाने. आवाज एकाचा आणि डीएनए दुसऱ्याचा झाला की सगळे मुसळ केरात.

माझ्याकडे एक दिशादर्शक माइक आणि जुना रेकॉर्डर पडून आहे, दोन्ही चालू स्थितीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी घेऊन जा. थर्मामीटर तुमचा तुम्ही आणा.